खराडीत दुपारी जेवायचं कुठे: उडपी की मेस?

आमच्या टीममध्ये या महिन्यात तिघं नवीन आले आणि तिघांनीही दुसऱ्याच दिवशी विचारलं, दुपारी जेवता कुठे? तोंडी सांगताना मी दर वेळी काहीतरी विसरतो, म्हणून एकदा नीट लिहून काढतोय. पुण्यात खराडीच्या इऑन फ्री झोन या आयटी पार्कमध्ये किंवा वर्ल्ड ट्रेड सेंटरमध्ये ऑफिस असेल तर हे बऱ्यापैकी जसंच्या तसं लागू पडेल. बायपासच्या बाजूला बसणाऱ्यांनी चालायचं अंतर स्वतःच्या हिशेबाने धरावं.

दोन पर्याय आधीच बाजूला काढतो. कॅम्पसमधलं फूड कोर्ट धो धो पावसात सोयीचं आहे, पण महिनाभर रोज जेवल्यावर माझं तोंड विटलं. काउंटर बरेच, ग्रेव्ही मात्र सगळीकडे एकाच चवीची लागते. घरचा डबा सगळ्यात चांगला, त्यात वाद नाही. आमच्या घरून मात्र दोघंही साडेसातला बाहेर पडतो, बायको हिंजवडीला आणि मी इकडे, त्यामुळे डबा आठवड्यातून एखाद्या दिवशीच जमतो.

उरतात दोन: मुख्य रस्त्यावरचं उडपी हॉटेल आणि थिटे वस्तीकडच्या एका गल्लीतली खानदेशी मेस. पहिल्या ठिकाणी मी जवळजवळ चार वर्षं जेवलो, दुसऱ्या ठिकाणी तिसरं वर्ष चालू आहे. नावं देत नाही. एकाची उणीव सांगणार आहे आणि ती नाव घेऊन सांगणं मला बरं वाटत नाही. तशीही या दोन्ही प्रकारची ठिकाणं आपल्या भागात शोधायला फार फिरावं लागत नाही.

वेळेचं आधी सांगतो, कारण निम्मा निर्णय तिथेच होतो. आमचा क्लायंट लंडनचा. तिकडे सकाळचे नऊ वाजतात तेव्हा आपल्याकडे उन्हाळ्यात दीड आणि हिवाळ्यात अडीच वाजलेले असतात. मार्चच्या शेवटच्या रविवारी त्यांची घड्याळं तासभर पुढे जातात आणि सोमवारपासून आमच्यासारख्या सगळ्या टीम तासभर आधी जेवायला उतरतात. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत हे असंच चालतं. म्हणजे वर्षातले सात महिने साडेबारा ते दीड एवढाच वेळ हातात, आणि त्यातली दहा-बारा मिनिटं लिफ्ट आणि गेटवर जातात. गाडी काढून चंदननगरला किंवा पुलापलीकडे मुंढव्याला जाऊन यायचं यात बसत नाही. शिवाय मार्च 2024 मध्ये रामवाडीपर्यंत मेट्रो आली तेव्हापासून आमच्यातले बरेच जण स्कूटर घरीच ठेवतात आणि रामवाडीहून शेअर रिक्षाने येतात. दुपारी त्यांना पायीच जाता येईल असं ठिकाण लागतं. ज्यांचा क्लायंट अमेरिकेतला आहे त्यांना ही घाई नाही. त्यांनी दोननंतर निवांत जावं, तेव्हा दोन्हीकडे गर्दी ओसरलेली असते.

उडपी गेटपासून पाच-सहा मिनिटांवर. तिथलं मला काय आवडतं ते आधी सांगतो, कारण ते खरंच चांगलं आहे. टेबल पुसलेलं असतं, बेसिनवर साबण असतो, पाणी न मागता येतं. राइस प्लेट सांगितली की सात-आठ मिनिटांत समोर: दोन चपात्या किंवा पुऱ्या, एक सुकी भाजी, एक रस्सा, डाळ, सांबार, भात, दही, पापड, काहीतरी गोड. पोट बरं नसेल तर दही-भात किंवा इडली घेऊन उठता येतं, आणि नुसती इडली मागितली म्हणून कोणी वेगळ्या नजरेने बघत नाही. आठ-दहा जण एकदम गेलात तर टेबलं जोडून देतात. कोणाचा निरोपसमारंभ असेल, बाहेरगावचे पाहुणे आले असतील, कंपनीचं मील कार्ड वापरायचं असेल, तर दुसरीकडे जाऊच नका. 5 टक्के जीएसटी धरून राइस प्लेट 190 च्या आसपास पडते, आणि त्या स्वच्छतेला ते पैसे मला कधी जास्त वाटले नाहीत.

मेस त्यापेक्षा लांब, दहा मिनिटं. शेवटचा तुकडा गल्लीचा, जुलैत तिथे पँट दुमडूनच जावं लागतं. वरच्या मजल्यांवर पीजी आहे, खाली ही मेस. जळगावकडचं जोडपं चालवतं. सुरुवात वरच्या मुलांसाठी झाली, ऑफिसवाले नंतर यायला लागले. लाकडी बाकं, स्टीलची ताटं, हात धुवायला दारात पिंप. एप्रिल-मे महिन्यात पंखा गरम हवाच फिरवतो, हे लपवण्यात अर्थ नाही. मावशी आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, माहेरी जातात तेव्हा आणि दिवाळीत मिळून वर्षाला तीनेक आठवडे मेस बंद असते. मील कार्ड चालत नाही, यूपीआय चालतं.

पण ताट बघा. रोज एक कोरडी भाजी, एक उसळ किंवा रस्सा, वरण, भात, कांदा, शेंगदाण्याची चटणी. गवार केली तर दाण्याच्या कुटात, शेपू केला तर मुगाची डाळ घालून. मंगळवारी शेवभाजी. थंडीत आठवड्यातून एकदा कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी आणि वांग्याचं भरीत असतं, आणि त्या दिवशी मला इतर कुठे जेवायचं सुचतच नाही. भरिताची मोठी हिरवी-पांढरी वांगी मावशींचा भाऊ गावाकडून पाठवतो. जळगावच्या या वांग्यांना भौगोलिक मानांकन आहे हे मला नंतर कळलं. त्यांची चव त्याआधीच कळली होती. कच्ची हिरवी मिरची आणि लसूण त्यात ठेचून घातलेला असतो, वांग्याचा धुरकट वास ताट समोर यायच्या आधी येतो. सुट्या ताटाचे 110 रुपये. सिलिंडर महागला की पाच-दहा रुपये वाढतात, पण आठवडाभर आधी भिंतीवर कागद लागलेला असतो.

एवढ्यावरून कोणालाही वाटेल की चवीमुळे मी मेसकडे वळलो. तसं झालं नाही. उडपीच्या भाजीलाही मी नावं ठेवणार नाही, आणि चवीचं म्हणाल तर चार वर्षं मी तिथे समाधानाने जेवलोच की. मला तिथून उठवलं ते तिसऱ्या चपातीने.

मी तीन पोळ्या खाणारा माणूस आहे. उडप्याकडे दोन चपात्या ताटासोबत येतात, एकीवर एक ठेवलेल्या. पहिली संपेपर्यंत खालची वाफेने ओलसर होते आणि मग वातड. ते चालवून घेतो. पहिली खाता खाताच मी तिसरी सांगतो. कॅप्टन मान हलवतो. दुसरी संपते, दोन्ही वाट्या रिकाम्या होतात, तिसरीचा पत्ता नसतो. आठवण केली की "आ रहा है सर". ती येते तेव्हा लावून खायला काही उरलेलं नसतं, म्हणून भाजी मागायची. भाजी येईपर्यंत चपाती गार. मी घड्याळ लावून कधी मोजलं नाही, पण ताकाचा एक ग्लास सावकाश प्यायला तरी तो संपून जाईल इतका वेळ जातो. तिन्ही एकदम मागवून पाहिल्या, तर सगळ्यात खालची हातात घ्यावीशी वाटत नाही. वेळ बदलून पाहिली, टेबल बदलून पाहिलं, भटारखान्याच्या दाराजवळ बसून पाहिलं.

यात वाढणाऱ्या पोरांचा दोष आहे असं मला वाटत नाही. चाळीस टेबलं एकाच वेळी भरलेली असतात, आतल्या तव्यावर डोशांचीही रांग असते, आणि एका सुट्या चपातीची ऑर्डर दोन-तीन तोंडांमधून आत पोहोचायची असते. पण माझ्यासाठी परिणाम तोच राहतो. चपाती येत नाही म्हणून हात भाताकडे वळतो. समोर भात भरपूर असतो, सांबारही चांगलं असतं, आणि पोट भाताने भरतं. दीड वाजता मी कॉलवर बसतो आणि अडीचला डोळे मिटायला लागतात. दोन वर्षं मी याचं खापर उन्हाळ्यावर, एसीवर, रात्रीच्या जागरणावर फोडत होतो. जेवणात भात वाढतोय आणि तो का वाढतोय, हे लक्षात यायला मेसमध्ये पंधरा दिवस सलग जेवावं लागलं.

मेसमध्ये तवा समोरच आहे. एक ताई लाटतात, मावशी भाजतात, आणि भाजता भाजता त्यांची नजर बाकांवरून फिरत असते. ताटातली पोळी चतकोर उरली की तिथूनच विचारतात, "पोयी टाकू का, भाऊ?" जळगावकडे ळ चा असा य होतो. नुसती मान हलवायची. शेवटचा घास तोंडात असताना तव्यावरची पोळी ताटात येते, कडा नीट भाजलेल्या, वरून तेलाचा हात फिरवलेला. भाजी अजून गरम असते. तिसरी झाली की आपणच हात आडवा धरायचा, मग थोडा भात, वरण, आणि उठायचं. यात कसली मोठी व्यवस्था नाही. करणारीला खाणाऱ्याचं ताट दिसतं, एवढंच. पण त्या एका गोष्टीने माझी दुपार बदलली. म्हणून चार मिनिटं जास्त चालणं आणि जुलैतला चिखल मला परवडतो.

प्रत्येकाला तसं वाटेलच असं नाही. आमच्यातला रत्नागिरीचा मित्र भातावर जेवणारा. मेसचा भात त्याला जाड आणि गिचका लागतो, तीन पोळ्यांचं त्याला काही अप्रूप नाही. तो उडप्याकडेच सुखी आहे आणि त्याचं बरोबर आहे. ज्यांना ऊन सोसत नाही, बाकावर बसून पाठ दुखते, जेवताना शांतपणे दोन गोष्टी बोलायच्या असतात, त्यांनीही उडपीच धरावं. मेसमध्ये तुमच्यामागे कोणीतरी ताटाची वाट बघत उभं असतं, तिथे गप्पा रंगत नाहीत. तिखट झेपत नसेल तरीही दोनदा विचार करा.

पोळीवर जेवणारे असाल आणि दीडला जागेवर परत बसायचं असेल, तर माझ्या मते एकदा मेस करून बघायला हरकत नाही. एकदा म्हणजे एक दिवस नाही, निदान दोन आठवडे. पहिल्या दिवशी पिंपाचं पाणी आणि बाकांची दाटीच जास्त डोळ्यांत भरते.

पैशांचा हिशेब असा. रोज ऑफिसला येत असाल तर एक वेळची महिन्याची मेस लावा, ती सुट्या ताटापेक्षा स्वस्त पडते. येणार नसाल त्या दिवसाचा खाडा आदल्या रात्री दहाच्या आत कळवायचा, म्हणजे तो धरला जातो. सकाळी कळवलेला खाडा धरत नाहीत आणि त्यावरून वाद घालू नये, कारण तोवर भाजी निवडून झालेली असते. आठवड्यातून तीनच दिवस येणाऱ्यांनी कुपनं घ्यावीत. 25 कुपनांचं पुस्तक 2,500 रुपयांना मिळतं, दोन महिने चालतं आणि खाड्याची भानगड राहत नाही.

उन्हाळ्याच्या महिन्यांत 12:25 ला जागा सोडा. 12:40 ला पोहोचलात तर तव्यासमोरच्या बाकावर जागा मिळते. एक वाजता गेलात तर आतल्या खोलीत बसवतात, तिथलं ताट मावशींना दिसत नाही आणि तिथे पोळीसाठी हाक मारावी लागते. मंगळवारी पहिल्यांदा जात असाल तर शेवभाजीचा रस्सा आधी अर्धी वाटीच घ्या, आणि शेव वेगळी मागून जेवताना वरून घाला.