संत्रा आणि कपाशीच्या पानांसाठी ५′ रेस किट: घ्यावं का?

जनुकाचं लिप्यंतरण (डीएनएवरून आरएनए बनणं) नेमकं कुठून सुरू होतं ते शोधायला हे ५′ रेस किट, म्हणजे एमआरएनएचं सुरुवातीचं टोक शोधणारं किट, उत्तम आहे. ते लायगेशनवर, म्हणजे आरएनएचे तुकडे एन्झाइमनं जोडण्यावर चालतं. पण नागपूरच्या संत्र्याच्या किंवा कपाशीच्या पानांवर ते माहितीपत्रकाबरहुकूम चालवू नका.

वनस्पतीच्या केंद्रकातून आलेल्या एमआरएनएच्या ५′ (सुरुवातीच्या) टोकाला ७-मिथिलग्वानोसिन उलटं बसलेलं असतं, तीन फॉस्फेटांमधून ५′ ला ५′ जोडलेलं. हीच कॅप. त्यामुळे तिथे लायगेजला (जोडणाऱ्या एन्झाइमला) पकडच मिळत नाही. किटची सगळी युक्ती यावर उभी आहे. १० मायक्रोग्रॅम आरएनए फॉस्फेटेजसोबत (फॉस्फेट काढणाऱ्या एन्झाइमसोबत) ३७ अंशांवर तासभर ठेवला की तुटक्या तुकड्यांचे फॉस्फेट जातात, कॅपवाला शाबूत राहतो. मग पायरोफॉस्फेटेज कॅप कापतं, मागे एकच फॉस्फेट उरतो आणि अॅडॅप्टर (ओळखीचा छोटा आरएनए तुकडा) त्यालाच जोडला जातो.

घोळ होतो तो या दोन पायऱ्यांच्या मध्ये. फॉस्फेटेज थोडंही उरलं तर तो एकुलता फॉस्फेटही काढून टाकतं आणि शेवटी जेलवर एकही बँड (डीएनएचा पट्टा) दिसत नाही. म्हणून फॉस्फेटेज धुऊन काढणारी फिनॉल-क्लोरोफॉर्मची पायरी गाळून नुसत्या उष्णतेवर भागवू नका. वरचा थर घेताना मधल्या पांढुरक्या पडद्याला टिप लागू देऊ नका, थोडं द्रव मागे राहिलं तरी चालेल.

आरएनए काढायचा सोबतचा कॉलम संत्र्याच्या पानातल्या चिकट पॉलिसॅकराइडनं तुंबतो. त्यापेक्षा ६५ अंशांचा २ टक्के सीटॅब (पेशी फोडणारं डिटर्जंट) बफर, त्यात २ टक्के पीव्हीपी (फिनॉल्स पकडणारं पॉलिमर) आणि २ टक्के मर्कॅप्टोइथेनॉल, मग आरएनए खाली बसवायला रात्रभर ४ अंशांवर २ मोलर लिथियम क्लोराइड वापरा. शुद्धता दाखवणारं २६०/२३० (नॅनोमीटरवरच्या प्रकाशशोषणाचं) गुणोत्तर १.८ च्या खाली असेल तर पुढे जाऊच नका, एन्झाइम वाया जातील.

कॅप न कापलेली ट्यूब प्रत्येक नमुन्याला हवीच. तिच्यातही तोच बँड आला, तर तो तुटक्या आरएनएचा समजा. या हिशेबानं दहा अभिक्रियांचं किट पाच नमुन्यांनाच पुरतं, आणि किंमत त्यावरूनच जोखा.

आरबीसीएल (रुबिस्को एन्झाइमच्या मोठ्या भागाचं जनुक) सारख्या हरितलवकातल्या जनुकांसाठी ते घेऊ नका, तिथे कॅपच नसते. ३′ बाजूला, म्हणजे एमआरएनएच्या शेवटच्या टोकाला, एकाच जनुकाचे दोन-तीन बँड आले तर किटला दोष देऊ नका. वनस्पतींमध्ये पॉली-ए शेपटी (या टोकाची अडेनिनची माळ) बऱ्याचदा एकाहून जास्त जागी लागते, तेव्हा प्रत्येक बँड क्लोन करून त्याचा क्रम वाचा.

मे महिन्यात मागवणार असाल तर एन्झाइम ड्राय आइसमध्येच घ्या आणि पार्सल शनिवारी पोचणार नाही याची खात्री करा.