अंगणवाडी की खासगी नर्सरी?

अंगणवाडी फुकट, म्हणून कमी दर्जाची असं लोक धरून चालतात. मला ते पटत नाही. अंगणवाड्या ज्यातून चालतात ती सरकारी एकात्मिक बालविकास योजना 2 ऑक्टोबर 1975 ला सुरू झाली, पण त्याच्या कितीतरी आधी, 1945 साली, बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आजच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीत बालशिक्षणाचं काम उभं केलं होतं. पुढे जवळच्याच कोसबाडला, आदिवासी मुलं शाळेत येईनात तेव्हा शाळाच पाड्यावरच्या अंगणात आणि गुरं चरायच्या कुरणात गेली.

आजही सेविकाताई मुलाचं वजन करतात, खिचडी वाढतात, लसीची आठवण देतात. खर्च केंद्र आणि राज्य सरकार उचलतं. अडचण आहे ती वेळेची. मानधनावर राबणाऱ्या ताईंच्या गळ्यात सर्वेक्षणं आणि नोंदी पडतात, मग गाणी-गोष्टींना उरतं काय?

खासगी नर्सरीत वर्ग वेळेवर भरतो, खेळणी भरपूर. फी मात्र पालकांच्या खिशातून. शिवाय माझ्या साडेतीन वर्षांच्या भाचीची वही पाहा: ठिपके जोडून ए, बी, सी, पानामागून पान. पेन्सिल धरताना तिची बोटं पांढरी पडतात. या वयात हात मातीत हवेत.

शिक्षण हक्क कायदा 6 ते 14 वयाचाच, त्यामुळे त्याआधीची निवड ऐपतीवर ठरते. जवळच्या अंगणवाडीत ताई मुलांत बसून गाणी म्हणत असतील, तर मी मुलाला बिनदिक्कत तिथेच घालेन.