बोटाला लावायचा ऑक्सिमीटर, सात रस्त्याजवळच्या मेडिकलमधून घेतलेला

आईला दम्याचा त्रास आहे म्हणून घेतला, आणि खरं सांगू, रक्तातल्या ऑक्सिजनच्या आकड्यांपेक्षा मला त्यातली लाट जास्त आवडली. स्क्रीनवर ती उसळते ना, ते म्हणजे हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला बोटातलं रक्त वाढतं नि कमी होतं तेच, आत एक लाल लाईट (६६० नॅनोमीटर) आणि एक इन्फ्रारेड (९४० च्या आसपास) आहे, रक्त जास्त आलं की प्रकाश जास्त शोषला जातो अन् पलीकडच्या सेन्सरला कमी पोचतो. जपानच्या ताकुओ आओयागींनी १९७४ मध्ये या लाटेवरून रक्तातला ऑक्सिजन मोजायची आयडिया मांडली, केवढं मोठं काम केलंय माणसाने!

दुकानदाराने स्वतःच्या बोटाला लावून शांतपणे दाखवला. बोटं गार असली की मात्र लाट एकदम बारीक होते आणि रीडिंग उड्या मारतं. आईचे हात पहाटे थंडगार असतात, तळहात चोळून हात टेबलावर स्थिर ठेवला, लाट एकसारखी झाली, की मगच आकडा लिहायचा. नखाला मेंदी, नेलपॉलिश असेल तर दुसरं बोट घ्या. दम लागत असेल तर मशीन बघत बसू नका, सरळ डॉक्टरकडे जा. क्लिपची स्प्रिंग जरा कडक आहे, तेवढं सोडलं तर मस्त वस्तू, सेलही सोबतच मिळाले.