शिप-शीप ओळखायला शिकवणारं अ‍ॅप: कान सुधारले, माईकने मात्र डोकं फिरवलं

महिनाभर रोज पंधरा-वीस मिनिटं वापरलं, मग लिहितोय. प्रकार साधा आहे, एक इंग्रजी शब्द ऐकू येतो आणि स्क्रीनवर दोन पर्याय, शिप की शीप, फुल की फूल, बेड की बॅड, आपण बोट लावायचं, बस. मला वाटलं हे तर सोप्पंय, शाळेत ऱ्हस्व-दीर्घ घोटून घेतलंय आपल्याकडून, पहिली वेलांटी म्हणजे जहाज आणि दुसरी म्हणजे मेंढी. पहिल्या दिवशी वीसपैकी अकरा बरोबर. छापा-काटा केला असता तरी तेवढेच आले असते!

घोळ चार-पाच दिवसांनी कळला. मी नुसती लांबी ऐकत होतो. मग एकदा 'बिड' आणि 'बीट' लागोपाठ आले आणि बिडमधला स्वर पण जवळजवळ तेवढाच लांब, कारण इंग्रजीत पुढे ड, ग असलं की आधीचा स्वर ताणला जातो आणि ट, क असलं की आखडतो, म्हणजे लांबीवर भरवसा ठेवला की फसलोच. खरी गंमत तोंडात आहे. शीप म्हणताना जीभ वर जाते, ओठ हसल्यासारखे ताणतात, शिपला जीभ जरा खाली आणि सगळं सैल, आपल्या इ आणि ए च्या मधलं काहीतरी. हे चित्रात इतकं मस्त दाखवलंय की मी आरशासमोर उभा राहून करून बघितलं.

बेड-बॅड आपल्याला जड जात नाही, बॅट लिहून लिहून तो अर्धचंद्र अंगवळणी पडलाय. वैताग आला तो कॉटचा. खाटेचा कॉट आणि 'पकडला'वाला कॉट, मराठीत लिहायला दोन्ही सेमच. ब्रिटिश आवाजात फरक कळतो, पण बऱ्याच अमेरिकन लोकांच्या बोलण्यात हे दोन्ही एकच होतात, आणि अ‍ॅपवाल्यांनी तसल्याच अमेरिकन आवाजात प्रश्न टाकलाय, वर माझं उत्तर चूक म्हणून लाल फुली. अरे त्या माणसालाच फरक करता येत नाहीये तर मी काय ओळखणार?

माईकवर बोलून तपासायचा भाग तर बंदच ठेवा. मी मुद्दाम शिपच्या जागी शीप म्हणालो, हिरवी टिक. शेजारून बायको 'जेवायला चल' म्हणाली, त्यालाही हिरवी टिक.

ऐकण्याच्या भागासाठी चार स्टार, एक कापला माईकचा. काल वीसपैकी सतरा आले, चुकलेल्या तिनांत दोन कॉटच.