आईच्या घरी फ्री डिश लावली, ८ महिन्यांचा अनुभव

गावाला आईकडे डीडी फ्री डिश (दूरदर्शनची फुकटातली छत्रीवाली टीव्ही सेवा) बसवून ८ महिने झाले, म्हटलं लिहावं. छत्री, बॉक्स, वायर, सगळं मिळून दोन हजारांच्या आत आलं आणि नंतर महिन्याला एक रुपया नाही, आई तर पहिले दोन महिने विचारत होती की रिचार्ज कधी संपणार 😄

तसं हे २००४ पासून चालूये, तेव्हा नाव डीडी डायरेक्ट प्लस होतं. आता सिग्नल येतो जीसॅट-१५ वरून, इस्रोचा उपग्रह, २०१५ मध्ये फ्रेंच गयानातून सोडलेला, ३६ हजार किमीवर ९३.५ अंश पूर्वेला उभा आहे म्हणजे आपल्या कोकणातून बघितलं तर आग्नेयेला. हे आधी माहीत असतं तर बरं झालं असतं, कारण आमच्या फिटरने छत्री लावली ती बरोब्बर फणसासमोर, सिग्नल क्वालिटीची पट्टी काही हलेना. शेवटी मीच पत्र्यावर चढलो, भाऊ खालून ओरडतोय "आला... गेला... अरे मागे घे जरा!", बोटभर सरकवली आणि सह्याद्री लागलं एकदम.

पावसाचं मात्र सांगून ठेवतो. सिग्नल केयू बँडचा आहे, म्हणजे उपग्रहाच्या टीव्हीसाठी वापरतात तो फ्रिक्वेन्सीचा पट्टा, लहरींची लांबी कमी, धो धो लागला की थेंबच सिग्नल खातात, आधी चित्राचे चौकोन होतात मग जातंच. महागड्या डिशचंही तेच, त्यामुळे तक्रार नाही. मराठी चॅनेल थोडेच आहेत, सिरियलवेड्यांनी विचार करून घ्या. आईला बातम्या नि जुनी गाणी पुरतात.

माझ्याकडून ५ पैकी ४, फिटरला शून्य.