परसातली खोली: पत्र्याची की चिऱ्याची?

मामेभाऊ परवा फोनवर विचारत होता, घरामागे फाटी (जळाऊ लाकडं), सोडणं (नारळाची सुकी सालं), ग्रासकटर ठेवायला पत्र्याची शेड मारून घेऊ की चिऱ्याची, म्हणजे जांभा दगडाची, खोली बांधू? आमच्याकडे दोन्ही आहेत म्हणून सांगतो.

खर्चात पत्रा स्वस्तच, फॅब्रिकेटर दोन दिवसात उभी करून जातो. चिऱ्याला पाया, गवंडी, वाळू, आणि गाडी परसापर्यंत जात नसेल तर चिरे डोक्यावरून वाहायची मजुरी वेगळी, हे कोणी आधी सांगत नाही.

पण टिकण्याचं म्हणशील तर समुद्राजवळ पत्रा लवकर दमतो. वर कलर कोटिंग चकाचक दिसतं, गंज मात्र कापलेल्या कडेला, वेल्डिंगला नि स्क्रूभोवती धरतो. आमच्याकडे तिसऱ्या पावसात स्क्रूखालचे रबरी वॉशर कडक झाले नि थेंब थेंब नेमका ग्रासकटरवर. वाऱ्याचंही बघ, जून 2020 च्या निसर्ग वादळात रायगड-दापोलीकडे पत्रे कसे उडाले ते आठवतंय ना. जांभा उलट हवेवर आणखी घट्ट होतो, फक्त ओल ओढतो, त्यामुळे जोतं उंच घे नि फाटी भिंतीला टेकवू नको, वाळवी लागते. मे महिन्यात पत्र्याखाली पाच मिनिटं उभं राहवत नाही ते वेगळंच.

नुसती फाटी-सोडणं असतील, किंवा पुढेमागे जागा बदलायची असेल तर पत्रा मार, अँगल काँक्रीटमध्ये नीट गाडून. मशीन, खत, बियाणं ठेवायचं असेल तर चिराच, पण पक्कं बांधकाम म्हणून आधी ग्रामपंचायतीत विचारून घे.