वाचन नोंदवही की पुस्तकावरच्या गप्पा?

वर्गातल्या पेटीतून मुलं आपापल्या आवडीची पुस्तकं घरी नेतात. परत आणली की पुढे काय करायचं, यावर नवे शिक्षक नेहमी विचारतात. मी सातवीला दोन्ही करून पाहिलंय. चार वर्षं प्रत्येक पुस्तकासाठी रकान्यांची वाचन नोंदवही भरून घेतली, गेली तीन वर्षं नुसत्या गप्पा मारतोय.

नोंदवहीचे फायदे खरे आहेत. एका तासात सगळा वर्ग आटोपतो. शाळा तपासायला केंद्रप्रमुख आले की दाखवायला काहीतरी असतं आणि 15 ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिनाच्या अहवालालाही ती उपयोगी पडते. शिवाय चारचौघांत तोंड न उघडणारी एखादी मुलगी कागदावर छान मोकळी होते.

मला अडचण आली ती शेवटच्या रकान्याची. 'या पुस्तकातून काय बोध मिळाला?' हा रकाना दिसला की मुलं पुस्तक विसरतात आणि सरांना काय हवंय ते लिहितात. एकीने फास्टर फेणे नेलं होतं. तिने लिहिलं, 'संकटांना धैर्याने तोंड द्यावे.' त्याच आठवड्यात एका मुलाने प्राण्यांवरच्या माहितीच्या पुस्तकाखालीही हेच वाक्य लिहिलेलं!

मधल्या सुट्टीत तिला विचारलं, "कसा वाटला गं फेणे?" तिने आधी जीभ टाळूला लावून फेणेसारखं 'ट्टॉक' करून दाखवलं. दोन दिवस तेच चाललं होतं, आजी ओरडली म्हणे. मग जरा थांबून म्हणाली, "सर, तो फुरसुंगीहून पुण्याला शिकायला आला. त्याला घरची आठवण येत नसेल?" तिची मोठी बहीण त्याच जूनमध्ये वसतिगृहावर गेली होती. हे कुठल्या रकान्यात बसणार होतं?

अर्धवट सोडलेल्या पुस्तकाला तर नोंदवहीत जागाच नाही. खरं तर "कुठे सोडलंस?" इथूनच माझ्या सगळ्यात चांगल्या गप्पा सुरू झाल्यात. एका मुलाने सलग तीन पुस्तकं सोडली. बोलताना कळलं, त्याला लांबलचक गोष्टीच नको होत्या. त्याला बालभारतीच्या 'किशोर'चे जुने अंक दिले. 1971 पासूनचं मासिक, त्यामुळे अंकांना तोटा नाही. आता कोडी सोडवता सोडवता शेजारची गोष्टही वाचतो.

गप्पांना वेळ लागतो, हे मान्य. माझ्या वर्गाचा पट 38 मुलांचा. रोज चौघांशी पाच-पाच मिनिटं बोललो तरी सगळ्यांपर्यंत पोचायला शाळेचे दहा दिवस जातात. मध्येच परीक्षा, ऑनलाइन माहिती भरणं आलं की फेरी मोडते. आणि आपणच प्रश्न विचारत सुटलो तर त्याची तोंडी परीक्षा होते. मी दोनच विचारतो, कुठलं पान परत वाचलंस आणि कुठे कंटाळलास. भुताखेतांचं पुस्तक आणलं तरी कपाळाला आठी घालत नाही.

तुमचा पट साठच्या वर असेल किंवा दोन वर्ग एकत्र सांभाळत असाल, तर नोंदवही ठेवावी लागेल कदाचित. तेव्हा निदान बोधाचा रकाना काढून तिथे 'कुठे थांबलो' एवढं घालून बघा. मी स्वतःसाठी एक छोटी डायरी ठेवतो, प्रत्येकाला एक ओळ. परवाची ओळ अशी: 'पान 42. मांजर मेलं, पुढे वाचवेना. सोमवारी परत विचारायचं.'